शेततळ्यात निघालेली खापरं आणि पांढरीची माती

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठाला तुमचं वडिलोपार्जित शेत आहे, नोकरीमुळे तुम्ही हडपसरला राहता. गेल्या महिन्यात शेततळ्यासाठी जेसीबी लावला तेव्हा चारेक फुटांवर राखेसारखी भुरकट माती लागली. तिच्यात लाल खापरं, काहींवर काळ्या रेघा, थोडी हाडं आणि काचेसारख्या दगडाच्या बारीक पात्या निघाल्या. हे जुनं गाव असेल का, किती जुनं असेल, सरकारला कळवलं तर जमीन जाईल का, आणि तोवर आपणच आणखी थोडं खणून पाहावं का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तेच तातडीचं आहे. खणू नका. जेसीबी तर नाहीच, पण कुदळही नको. कारण पुढे येईलच.

मी पुण्यातच पुरातत्त्व शिकले आणि गेली तीस वर्षं मुख्यतः खापरांवर काम करते. उत्खननातून टोपल्या भरभरून खापरं येतात. ती धुवायची, वाळवायची, अंगणात चुन्याने चौकटी आखून थरानुसार मांडायची, काठ वेगळे, बुडं वेगळी, रंगवलेले तुकडे वेगळे करायचे, हे माझं रोजचं काम. त्यामुळे तुम्ही पाठवलेले फोटो पाहून मला काय वाटलं ते सांगू शकते. पण फोटोवरून ठाम निकाल देता येत नाही. बरंचसं त्या खड्ड्याच्या भिंतीत काय दिसतं यावर अवलंबून आहे आणि ती भिंत मी पाहिलेली नाही.

तुम्ही विचारलंय की हे किती जुनं. माझ्या मते त्याच्याही आधीचा प्रश्न वेगळा आहे: ही खापरं जिथे मोडली तिथेच आहेत, की दुसरीकडून येऊन पडली आहेत? महाराष्ट्रात नदीकाठच्या शेतात खापर सापडणं नवलाचं नाही. गावातल्या उकिरड्यात फुटकी मडकी जातात, उकिरड्याचं खत शेतात जातं आणि शंभर-दोनशे वर्षांत सगळ्या रानात खापरांचा शिडकावा होतो. पूर येतो तेव्हा नदी वरच्या अंगाची दरड कापून तिच्यातली खापरं खाली आणून टाकते. या दोन्ही प्रकारांत खापरं खरी, जुनीसुद्धा, पण तुमच्या शेतात कुणी राहत होतं असं त्यावरून म्हणता येत नाही.

तिसरा प्रकार जरा सविस्तर सांगावासा वाटतो, कारण त्याचा संबंध तुमच्या भुरकट मातीशी आहे. आपल्याकडे काळी आणि पांढरी हे शब्द पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. गाव उठून गेलं, घरं पडली, तरी ती जागा पांढरच राहते. घराच्या मातीच्या भिंती पावसाने विरघळतात, चुलीची राख, शेण, भुसा, कुजलेला पाला, हाडं असं सगळं एकावर एक साठत जातं आणि काळ्या रानात मध्येच एक फिकट, मऊ, भुसभुशीत टेकाड तयार होतं. सर्वेक्षणाला गेलो की आम्ही नकाशा उघडण्याआधी पारावरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारतो, 'पांढर कुठं आहे?' निम्मं काम तिथेच होतं. पुरातत्त्वाच्या शिक्षणात मला मिळालेला हा सगळ्यात उपयोगी शब्द आहे आणि तो मला गावकऱ्यांनी शिकवला.

अडचण अशी, की ही माती कामाची असते. धाब्याच्या घरांच्या छपरावर ती घालत, कारण ती दबून घट्ट बसते आणि पाणी आत झिरपू देत नाही. वस्तीच्या जागी साठलेल्या शेणा-हाडांमुळे तिच्यात फॉस्फेट भरपूर असतं, म्हणून शेतात खतासारखीही पसरतात. पूर्वी ही माती बैलगाडीने जायची, आता ट्रॅक्टरच्या ट्रॉलीने जाते. तेव्हा तुमच्या वडिलांनी किंवा आजोबांनी कधी पांढरीची माती शेतात आणून टाकली होती का, हे आधी घरी विचारा. टाकली असेल तर तुमची खापरं दुसऱ्या टेकाडाची आहेत आणि ते टेकाड शोधावं लागेल.

मग ओळखायचं कसं? खापराच्या कडा बघा. नदीतून गडगडत आलेल्या तुकड्याच्या कडा पेढ्यासारख्या गोल होतात. जागेवर फुटून पडलेल्या तुकड्याची कड बोटाला टोचते. एकाच भांड्याचे दोन-तीन तुकडे जुळतात का ते पाहा. पूर आणि खत एका भांड्याचे तुकडे शेजारीशेजारी ठेवत नाहीत. तुमच्या दुसऱ्या फोटोत दोन तुकडे आहेत, त्यांच्यावरच्या रेघा मला एकमेकींत जाताना दिसतात. कडाही धारदार वाटतात. वरच्या चार फुटांत काळी माती आणि तिच्याखाली भुरकट माती, असं तुम्ही लिहिलंय. आणून टाकलेली माती वर असती, चार फूट खाली नाही. हे सगळं एकत्र धरलं तर खापरं जागची असण्याची शक्यता मला बरीच वाटते.

आता वयाकडे येऊ. तुमच्या तिसऱ्या फोटोतला काठाचा तुकडा चाकावर घडवलेला आहे, भाजणी चांगली आहे, पृष्ठभाग विटकरी-नारिंगी आणि त्यावर काळ्या रंगात जाळी काढलेली आहे. त्याला नखाने टिचकी मारून पाहा. साध्या मडक्यासारखा भद्द आवाज न येता धातूवर वाजवल्यासारखा टणक आवाज आला, तर तो जोर्वे पद्धतीचा असू शकेल. संगमनेर तालुक्यातल्या जोर्वे गावी 1950-51 मध्ये डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. शां. भा. देव यांनी उत्खनन केलं, त्यावरून या भांड्यांना हे नाव पडलं. पोटाशी कंगोरा असलेले वाडगे आणि लांब तोटीची भांडी ही त्यांची ओळख. तुमच्या ढिगात नळीसारखा पोकळ तुकडा असेल तर तो टाकून देऊ नका, ती तोटी असेल. साधारणपणे इ.स.पू. 1400 ते 700 हा या भांड्यांचा काळ. काचेसारख्या दगडाच्या ज्या पात्या म्हणता, त्या गारगोटीच्या जातीच्या दगडाच्या आहेत आणि ताम्रपाषाण काळाशी चांगल्या जुळतात. तांबं माहीत होतं पण दुर्मीळ होतं, म्हणून रोजची कापाकापी अशा पात्यांनीच चाले.

पण लाल भांड्यावर काळी रेघ दिसली की जोर्वे, असं करू नका. त्याच्या आधीच्या माळवा पद्धतीच्या भांड्यांवरही काळं चित्रण असतं आणि पुढच्या काळातही लाल भांडी रंगवत असत. म्हणून मी सोबत काय सापडलं ते विचारते. त्याच ढिगात मातीची चिलीम निघाली का? तंबाखू आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आली, त्यामुळे चिलीम ज्या थरात आहे तो थर सोळाव्या शतकाच्या आधीचा असूच शकत नाही. फिरत्या जात्याची तळी निघाली, आजच्या विटेच्या जवळपास दुप्पट लांबीच्या विटा निघाल्या, तर मी सातवाहन काळाकडे, म्हणजे साधारण दोन हजार वर्षांमागे वळेन. ताम्रपाषाण काळातल्या बाया फिरत्या जात्यावर दळत नव्हत्या, त्या दगडी पाट्यावर पुढे-मागे रगडत. एकेका जागी यांतलं सगळंच असू शकतं, खाली एक वस्ती आणि वर दुसरी. म्हणून तर कुठलं खापर किती खोलीवर होतं हे इतकं महत्त्वाचं.

तुमच्याच तालुक्यात, त्याच घोड नदीच्या काठावर इनामगाव आहे. तिथे डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात उत्खनन केलं. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी ही त्यातली मोठी नावं. इ.स.पू. 1600 च्या सुमारास बसलेलं गाव इ.स.पू. 700 पर्यंत नांदलं आणि त्यातली सव्वाशेहून जास्त घरं उघडी झाली. ही घरं म्हणजे दगडी वाडे नव्हते. कुडाच्या भिंती, वर गवताचं छप्पर, जमीन सारवलेली. तीन हजार वर्षांनी यातलं उरतं काय? सारवणाची चोपलेली जमीन, चुलीची खोलगट जागा आणि खांब रोवले होते तिथले खळगे. लाकूड कुजून गेलेलं असतं, त्या खळग्यात वेगळ्या रंगाची, भुसभुशीत माती भरलेली असते. खुरप्याने पृष्ठभाग तासत गेलं की रुपयाच्या नाण्याहून थोडे मोठे किंवा तळहाताएवढे काळसर ठिपके दिसू लागतात, मग ते ठिपके ओळीने जातात आणि ओळ कोपऱ्यात वळते. पहिल्यांदा ते वळण पाहिलं तेव्हा मी खुरपं खाली ठेवून नुसती बघत बसले होते. कुणाच्या तरी घराचा कोपरा होता तो. जेसीबीच्या बकेटला हे ठिपके कळत नाहीत आणि सवय नसलेल्या माणसाच्या कुदळीलाही कळत नाहीत.

अशा ठिपक्यांवरूनच इनामगावची गोष्ट कळली. आधीच्या काळात चौकोनी, ऐसपैस घरं, पुराचं पाणी वळवायला पाट आणि बांध, धान्याचं कोठार, शेतात सातू आणि गहू. शेवटच्या काळात चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या येतात आणि शिकारीचं प्रमाण वाढलेलं दिसतं. हवामान कोरडं होत गेल्यामुळे शेती बसली, असं ढवळीकरांनी मांडलं. पुढे सांगाड्यांचा पुन्हा अभ्यास झाला आणि त्यावरून या चित्रावर नव्याने चर्चा झाली, होतही आहे. ही चर्चा होऊ शकते, कारण कुठली झोपडी कुठल्या थरात होती आणि कुठलं हाड कुठल्या झोपडीखाली होतं, याची नोंद आहे.

नोंद नसली की काय होतं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. काही वर्षांपूर्वी भीमेच्या खोऱ्यातल्या एका गावातून निरोप आला, की पाइपलाइनसाठी चर खणताना दोन मडकी मिळाली. मी पोचले तेव्हा मडकी ओट्यावर होती, घासून लख्ख केलेली, त्यांच्यापुढे हळद-कुंकू वाहिलेलं. आत काय होतं म्हणून विचारलं, तर घरातल्या आजी म्हणाल्या, "काही नाही गं बाई, माती आन् पाखराएवढी हाडं. ती नदीला सोडली." ती हाडं पाखराची नव्हती. ताम्रपाषाण काळात लहान मूल गेलं की त्याला दोन मडक्यांत ठेवून, मडक्यांची तोंडं एकमेकांना जुळवून, घराच्याच जमिनीखाली आडवं पुरत. आजींनी त्या हाडांचा अनादर केला नव्हता, उलट आपल्या परीने मानच दिला. पण ते बाळ किती महिन्यांचं होतं, डोकं कुठल्या दिशेला होतं, सोबत मणी होते का, ते कुठल्या घराच्या कुठल्या खोलीत होतं, हे सगळं गेलं. मडकी आजही आहेत, सुंदर आहेत. त्यांच्यावर मी पाव पानसुद्धा लिहू शकले नाही.

इनामगावला अशा पुरलेल्या माणसांमुळेच गावाची रचना उलगडली. मोठ्या माणसांना उत्तरेकडे डोकं करून आडवं पुरत आणि त्यांची पावलं घोट्याखाली तोडलेली असत. मृताने परत चालत येऊ नये किंवा भटकू नये, अशी त्यामागची समजूत असावी, असं उत्खनन करणाऱ्यांना वाटलं. मात्र पाच खोल्यांच्या एका मोठ्या घरात चार पायांचा, पोटासारखा फुगलेला मातीचा रांजण निघाला. त्यात एक पुरुष मांडी घालून बसवलेला होता आणि त्याची पावलं शाबूत होती. घर कोठाराच्या शेजारी, पावलं शाबूत, रांजण असा वेगळा. हा गावचा प्रमुख असावा, असं त्यावरून म्हटलं गेलं. नुसता रांजण कुणी उचलून दिवाणखान्यात ठेवला असता, तर हे कुणालाही कळलं नसतं.

आणखी मोठं उदाहरण दायमाबादचं. तिथे प्रवरेकाठी 1974 मध्ये झाडाचं मूळ खणताना एका माणसाला चार धातूशिल्पं मिळाली: बैलांचा रथ, हत्ती, गेंडा आणि म्हैस. सगळ्यांचं मिळून वजन साठ किलोंच्या वर आहे. त्यानंतर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने तिथे अनेक हंगाम उत्खनन केलं. पण शिल्पं ज्या थरातून आली तो थर खणताना कुणी पाहिला नव्हता. त्यामुळे ती हडप्पा संस्कृतीच्या उत्तरकाळातली की नंतरची, यावर अभ्यासकांचं आजही एकमत नाही.

म्हणजे आतापर्यंत एवढं झालं: खापरं बहुधा जागची आहेत, काही तुकडे जोर्वे पद्धतीचे असण्याची शक्यता आहे आणि नक्की काय ते खड्ड्याच्या भिंतीतले थर सांगतील. राखेत कोळशाचे तुकडे किंवा जळालेले दाणे असतील तर कार्बन-14 पद्धतीने वर्षांचा अंदाज काढता येतो. पण तो कोळसा कुठल्या थरातला हे माहीत असेल तरच. ढिगाऱ्यात मिसळलेल्या कोळशाची तारीख कशाला लावणार?

आता जमिनीची भीती. ही भीती मला दर गावात भेटते आणि तिच्यामुळेच कितीतरी जागा गुपचूप नांगरल्या जातात, म्हणून स्पष्ट लिहिते. शेतात खापरं निघाली एवढ्यावरून जमीन कुणी काढून घेत नाही. एखादी जागा संरक्षित करायची तर 1958 च्या केंद्रीय कायद्यानुसार तशी सूचना प्रसिद्ध करावी लागते आणि हरकती घ्यायला दोन महिने द्यावे लागतात. जागा केंद्राने संरक्षित केलीच, तर तिच्याभोवती 100 मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि त्यापुढे 200 मीटरपर्यंत परवानगीची अट लागते, हेही तुमच्यापासून लपवत नाही. पण खापरं सापडलेल्या बहुतेक शेतांच्या वाट्याला हे येत नाही. मी काम केलेल्या ठिकाणी आम्ही शेतकऱ्याच्या संमतीने, पीक निघाल्यावर, मोजके चर खणले, नोंदी केल्या आणि चर बुजवून जमीन परत दिली. पुढच्या हंगामात तिथे ज्वारी उभी होती. शेततळ्याचं काम मात्र तूर्त थांबवा. जागा थोडी सरकवून प्रश्न सुटतो का, हे पाहणीनंतर ठरवता येईल.

दुसरी बाजू अशी, की न कळवणं हाच धोका मोठा आहे. 1878 चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेली 10 रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. 1972 च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या पुरावस्तूंचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही. तुमच्या चुलतभावाने पात्या आणि मणी विकायचं सुचवल्याचं तुम्ही लिहिलंय. कृपया ते करू नका.

कळवायचं कुणाला? तहसीलदारांकडे एक साधा अर्ज द्या, त्याची प्रत राज्य पुरातत्त्व विभागाच्या पुणे कार्यालयाला द्या आणि डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व विभागालाही पाठवा. हडपसरहून येरवडा काही लांब नाही. एखाद्या दिवशी डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व संग्रहालयात जाऊन इनामगावचे अवशेष बघून या. तुमच्या ढिगातला तुकडा नुसता नजरेसमोर ठेवून काचेपलीकडची भांडी पाहिलीत, तर माझ्या दहा परिच्छेदांपेक्षा जास्त कळेल.

एक गोष्ट जाता जाता. पुणं पेशव्यांपासून सुरू झालं असं मानणारे अनेक जण भेटतात. राष्ट्रकूटांच्या इ.स. 758 आणि 768 च्या ताम्रपटांत या भागाचा उल्लेख पुण्य विषय, पूनक विषय असा आहे (विषय म्हणजे तेव्हाचा जिल्ह्यासारखा प्रदेश) आणि कसब्यातल्या जमिनीखाली सातवाहन काळापर्यंत मागे जाणारे अवशेष मिळाले आहेत. कसबा म्हणजे पुण्याची स्वतःची पांढर. तिच्यावर आपण इमारतींचे पाये खणत आलो आणि नोंद होण्याआधी किती थर डंपरमधून गेले याची गणती नाही. तुमच्या शेताची तशी गत होऊ नये असं मनापासून वाटतं.

पाऊस यायच्या आत करण्यासारखं काम एकच आहे. मृगाला अजून तीन आठवडे आहेत आणि पहिल्या वळवातच खड्ड्याची भिंत ढासळू शकते. भिंत आत कोरू नका. खुरप्याने वरची सैल माती अलगद पाडा आणि साध्या पाण्याचा हलका शिडकावा करा. औषध फवारण्याचा पंप वापरू नका, त्यातल्या औषधाचा अंश मातीत जातो. माती ओलसर झाली की थरांचे रंग उठून दिसतात. भिंत पूर्ण सावलीत असताना फोटो काढा, ऊन-सावली मिसळली तर काही कळत नाही. फोटोत मोजपट्टी उभी धरा. चारही भिंतींचे फोटो घ्या आणि उत्तर कुठल्या बाजूला ते लिहा. मग भिंतीवर ताडपत्री सोडा. ढिगाऱ्यातली खापरं आणि हाडं वेगवेगळ्या कागदी पिशव्यांत ठेवा, प्लास्टिकमध्ये ओल धरते. खापरं धुऊ नका. भांड्याच्या आतल्या बाजूला खरपुडी असेल तर ती अन्नाची असू शकते. कोळशाचा तुकडा दिसला तर हात न लावता सुरीच्या टोकाने उचलून स्वच्छ अॅल्युमिनियमच्या कागदात गुंडाळा आणि कुठे मिळाला ते वर लिहा. भिंतीत दोन मडकी तोंडाला तोंड लावलेली दिसली, तर त्यांना हात न लावता मला लगेच कळवा.

फोटो पाठवताना एक गोष्ट घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहा. शेताच्या त्या तुकड्याला घरात काय नावाने ओळखतात? 'पांढरीचा तुकडा', 'गावठाणाचं शेत', 'मोडकं गाव' असं काही नाव असेल, तर तेच पहिल्या ओळीत असू द्या.